गावातला जुना वारसा शोधायचा, ओळखायचा आणि नोंदवायचा कसा

महाराष्ट्रात चाळीस हजारांच्या वर गावं आहेत आणि कायद्यानं संरक्षित केलेली स्मारकं केंद्राची नि राज्याची मिळून हजाराच्याही आत भरतात. म्हणजे तुमच्या गावच्या मारुतीमागं उभे असलेले वीरगळ (लढताना गेलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड), शेतात गाळानं बुजलेली बारव (पायऱ्यांची विहीर), पाटलांची पडकी गढी, यातलं बहुतेक काही कुठल्याच सरकारी यादीत नाहीये, आणि ते गेलं तर गेलं हे कुणाला कळणार पण नाही. आणि जातं कसं माहितीये का, पाऊसवाऱ्यानं कमी आणि उत्साहानं जास्त जातं. देवळाचा जीर्णोद्धार ठरतो, वर्गणी जमते, जेसीबी येतो, जुने कोरीव दगड ओढ्यात ढकलले जातात आणि तिथं टाइल्सचं देऊळ उभं राहतं. हे करणारी माणसं वाईट नसतात, त्यांची श्रद्धा खरी असते, फक्त त्या दगडात काय आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून माझं पहिल्यापासून एकच सांगणं आहे, आधी नोंद करा, सुधारणा नंतर. नोंद करायला इतिहासाची डिग्री लागत नाही, मोबाईल, टेप, वही आणि थोडा धीर एवढं पुरतं.

फिरायला निघायच्या आधी कागद बघा

पहिल्यांदा तलाठ्याकडून किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा नकाशा मिळवा, ज्याच्यात गट नंबर, ओढे, जुन्या पायवाटा, गाडीवाटा दिसतात. जुना सर्व्हे नंबरचा नकाशा मिळाला तर फारच चांगलं, कारण गट एकत्रीकरणाच्या आधीच्या कागदात बऱ्याच जुन्या खुणा असतात. देवस्थान इनाम (कागदोपत्री वर्ग ३) कुठल्या गटात आहे ते सातबाऱ्यावर बघा. आज तिथं नुसतं शेत असेल आणि मालकाच्या रकान्यात एखाद्या देवाचं नाव असेल, तर त्या देवाचं देऊळ कुठंतरी होतं किंवा अजून आहे, आणि त्याला ही जमीन दिवाबत्तीसाठी दिलेली होती.

दुसरं म्हणजे गॅझेटियर, जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ. ब्रिटिश काळात, १८७० नंतरच्या काही वर्षांत, मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटियर निघाली आणि त्यांच्या शेवटी महत्त्वाच्या गावांची वर्णनं आहेत. राज्याच्या गॅझेटियर विभागाच्या वेबसाईटवर ती फुकट वाचायला मिळतात. तुमचं गाव छोटं असेल तर थेट नाव नसेलही, पण शेजारचं बाजाराचं गाव, घाट, जुना रस्ता यांच्यावर वाचलं तरी गावाचा संदर्भ लागतो. गावावरून घाटाकडं जाणारा व्यापारी रस्ता होता हे एकदा कळलं की मग आडबाजूच्या माळावर एवढी मोठी विहीर कशाला बांधली असेल याचं उत्तर आपोआप मिळतं.

आणि शेतांची नावं! ही गोष्ट लोकं सोडून देतात पण मला ती सगळ्यात जास्त कामाची वाटते. गढीचा मळा, पेठेचा माळ, तळ्याची पट्टी, जुनं गावठाण, बामणाची विहीर, मठाचं शेत, अशी नावं उगाच पडत नाहीत. सगळ्या शेतांची नावं एका कागदावर लिहून काढा आणि नकाशावर मांडा, निम्मं काम तिथंच झालेलं असतं.

कुणाला विचारायचं आणि काय विचारायचं

नुसतं "गावात जुनं काय आहे" असं विचारलं तर सगळे ग्रामदैवताचं नाव सांगतात आणि गप्प बसतात. प्रश्न बारीक पाहिजे. नळ यायच्या आधी पाणी कुठनं आणायचा? लग्नाची वरात कुठल्या वाटेनं फिरायची? पालखी कुठं थांबते आणि तिथंच का थांबते? हा दगड पहिल्यापासून इथंच आहे का दुसरीकडून आणला? हा शेवटचा प्रश्न तर प्रत्येक दगडापाशी विचाराच, कारण रस्ता झाला, शाळा बांधली की वीरगळ उचलून दुसरीकडं ठेवलेले असतात आणि मूळ जागा माहीत असलेला माणूस एखादाच उरलेला असतो.

म्हाताऱ्या बायकांशी बोलल्याशिवाय विहिरींची यादी पुरी होतच नाही, कारण पाणी त्यांनी वाहिलंय. गाववेशीच्या बाहेरचं, डोंगराकडचं विचारायचं असेल तर मेंढरं-गुरं राखणारे गाठा, कुठल्या झाडीत कुठला कोरलेला दगड आहे ते त्यांना पाठ असतं. गुरव, पुजारी, पोलीस पाटील, जुने कोतवाल, दर्ग्याचे मुजावर हे तर आहेतच. दक्षिण महाराष्ट्रात काही गावांत हेळवी येतात, घराण्यांच्या वंशावळी वाचून दाखवतात, ते आले की आवर्जून बसून ऐका आणि परवानगी घेऊन रेकॉर्ड करा.

ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगवेगळं लिहायचं, ही शिस्त सुरुवातीलाच लावून घ्या. "पांडवांनी एका रात्रीत बांधलं" किंवा "इथनं भुयार थेट किल्ल्यावर निघतं" हे शेकडो गावांत सांगतात. ते खोडून काढायच्या मागं लागू नका, ती पण गावाची ठेव आहे, लिहा, कुणी सांगितलं आणि कधी सांगितलं ते लिहा, फक्त ते इतिहासाच्या रकान्यात टाकू नका.

वीरगळ, सतीशिळा, गधेगळ

छोट्या गावात सगळ्यात जास्त सापडणारी आणि सगळ्यात कमी ओळखली जाणारी गोष्ट म्हणजे वीरगळ. गावात याला कुणी नुसतं वीर म्हणतं, कुणी मारुती समजून शेंदूर लावतं, कुणी पायरीला घालतं. ओळखायचं सोपं आहे. उभा दगड, त्यावर आडवे तीन-चार कप्पे, आणि वाचायचं खालून वर. सगळ्यात खाली वीर मेलेला किंवा लढताना दाखवलेला, त्याच्या वरच्या कप्प्यात लढाई किंवा अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेतायत, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, सोबत पुजारी, आणि शेवटी टोकाला कलश, बाजूला चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य म्हणजे जोपर्यंत ते आहेत तोपर्यंत या वीराची कीर्ती राहील.

आता खालच्या कप्प्याकडं नीट बघा, खरी गोष्ट तिथं असते. गाईंची रांग कोरलेली असेल तर तो वीर गावाची जनावरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना गेला. वाघाशी झुंज असेल तर हिंस्र जनावरापासून वाचवताना. घोडेस्वार, हत्ती असतील तर मोठी लढाई. समुद्राकाठी जहाजं पण दिसतात, मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांच्यावर चक्क आरमारी लढाई कोरलेली आहे आणि ती शिलाहार आणि यादव या राजघराण्यांच्या संघर्षातली असावी असं मानतात. हातातली शस्त्रं, केसांचा अंबाडा, ढालीचा आकार, हे सगळं टिपून ठेवा. वीरगळांवर लेख क्वचितच असतो, त्यामुळं नाव बहुधा मिळत नाही, पण एकाच ठिकाणी दहाबारा वीरगळ असतील तर या गावानं काहीतरी मोठं सोसलंय हे नक्की.

सतीशिळेवर कोपरात वाकवलेला हात असतो, मनगटात बांगड्या, तळवा उघडा आणि वर केलेला, वर चंद्र-सूर्य. कधी वीरगळ आणि हा हात एकाच दगडावर येतात, म्हणजे नवरा लढाईत गेला आणि बायको सती गेली. ही प्रथा क्रूरच होती, त्यात गौरव करण्यासारखं काही नाही, पण ती बाई होती आणि तिची एवढी एकच खूण उरलीय, म्हणून तो दगड जपायचा.

गधेगळ मात्र बघून लोकं लाजतात आणि फोटो पण काढू देत नाहीत. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख किंवा रिकामी जागा आणि खाली गाढव आणि स्त्रीचं चित्र. हे अश्लील म्हणून कोरलेलं नाही, हा जमीन दानाचा कागद आहे. राजानं किंवा अधिकाऱ्यानं जमीन दान दिली, आणि हे दान जो मोडेल त्याला ही शिवी लागेल असं दगडावर ठणकावून सांगितलंय, ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून चित्रात. शिलाहारांच्या काळापासून ही दिसतात, कोकणात जास्त पण घाटावर पण आहेत. गधेगळ सापडला तर आजूबाजूची जमीन कुठल्या देवाच्या नावावर होती हे सातबाऱ्यात परत एकदा तपासा.

देऊळ हेमाडपंती आहे असं लगेच म्हणू नका

काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय बांधलेलं देऊळ दिसलं की सगळे हेमाडपंती म्हणून मोकळे होतात. हेमाद्री म्हणजे हेमाडपंत हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकातला. आणि अंबरनाथचं शिवमंदिर, ज्याचं बांधकाम याच घडणीचं आहे, त्यावर शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा लेख आहे, हेमाडपंताच्या दोनशे वर्षं आधीचा. तेव्हा नोंद करताना "यादवकालीन शैलीचं, चुन्याशिवाय घडीव दगडात" असं लिहिलं की पुरे, काळ नंतर जाणकार ठरवतील.

तुम्ही काय बघायचं तर गाभाऱ्याच्या दाराच्या चौकटीवर किती पट्टे आहेत आणि त्यात काय कोरलंय, दाराच्या वर मधोमध कोण आहे (गणपती असतो, कधी दुसरी देवता, त्याला ललाटबिंब म्हणतात), उंबऱ्यावर कीर्तिमुख (सिंहासारखा राक्षसी चेहरा) आहे का, खांब गोल-चौकोनी-अष्टकोनी कसे बदलत जातात, छताला कमळ आहे का, बाहेरच्या भिंतीत मूर्ती ठेवायचे कोनाडे आहेत का आणि ते रिकामे आहेत का. शिखर बहुतेक ठिकाणी नंतरचं, विटा-चुन्यातलं असतं, कारण मूळ पडलेलं असतं. मग खाली यादवकाळ, वर पेशवेकाळ, पुढं पत्र्याची शेड असं सगळं एकाच देवळात दिसतं आणि तिन्ही टप्पे नोंदवायचे, पत्र्याची शेड पण.

घंटा बघायची विसरू नका. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या बऱ्याच देवळांत आल्या, भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. घंटेवर क्रूस, रोमन अक्षरं किंवा साल दिसलं तर जवळून फोटो काढा. दीपमाळेच्या पायाशी, पायरीवर, नंदीच्या चौथऱ्यावर पण लेख लपलेले असतात.

बारव

बारवेत उतरायच्या आधी, एकटं जायचं नाही. शेवाळ, साप, मोहोळ, आणि बंदिस्त खोल विहिरीत विषारी हवा हे सगळं खरं आहे. पावसाळ्यात नकोच, फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी खाली जातं, गवत वाळलेलं असतं, तेव्हा पायऱ्या नीट दिसतात.

गावात प्रत्येक बारव अहिल्यादेवींनी बांधली असं सांगतात. अहिल्यादेवींचा कारभार १७६७ ते १७९५, आणि त्यांनी विहिरी, घाट, देवळं खरोखर खूप बांधली, पण बऱ्याच बारवा त्यांच्या चार-पाचशे वर्षं आधीच्या आहेत. ढोबळ खूण सांगतो. चुना नाही, नुसते घडीव दगड एकावर एक, आत भिंतीत देवकोष्ठं (मूर्ती ठेवायचे कोनाडे), दारावर सरळ आडवी तुळई, तर जुनी असण्याची शक्यता जास्त. कमानी आहेत, चुना-विटा आहेत, वर मोटेच्या जागा आणि दगडी पन्हाळी आहेत, तर नंतरची. साताऱ्याजवळ लिंब-शेरीची बारा मोटेची विहीर बघितली तर दुसरा प्रकार लगेच कळेल, ती अठराव्या शतकातली आहे आणि वर माणसाला बसता येईल असा महालच आहे. पण एकाच बारवेत खाली जुनं आणि वर दुरुस्ती असंही असतं, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका.

मोजायचं काय? वरचा आकार (चौकोनी, गोल, शिवलिंगासारखा, इंग्रजी झेड अक्षरासारखा वळलेला), लांबी-रुंदी, किती बाजूंनी पायऱ्या, किती टप्पे, पायरीची उंची, कोष्ठं किती आणि त्यात काय, पाणी किती महिने टिकतं. वालूरला, परभणी जिल्ह्यात, चक्राकार फिरत जाणाऱ्या पायऱ्यांची बारव आहे, ती गावकऱ्यांनी गाळ काढून मोकळी केली. गाळ काढायचा असेल तर एक गोष्ट लक्षात असू द्या, खंडित मूर्ती पाण्यात सोडायची पद्धत आहे, त्यामुळं गाळात मूर्ती, नाणी, शिलालेखाचे तुकडे असू शकतात. म्हणून शेवटचे काही फूट जेसीबी नको, घमेली आणि हातच.

गढी, वाडे आणि बारक्यासारक्या गोष्टी

गढीच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, खाली दगडी जोतं, कोपऱ्याला बुरूज. ही माती चांगली म्हणून लोकं उकरून शेतात, घराला नेतात आणि गढी तशीच वितळते. वाड्यात दिंडी दरवाजा, देवडी, चौक, सोपा, माळवद, लाकडी खांबाखालचे दगडी तळखडे, भिंतीतलं बळद आणि जमिनीतलं पेव (दोन्ही धान्य साठवायच्या जागा), हे सगळं मालकाच्या परवानगीनं टिपा. खाजगी घर आहे, आपण पाहुणे आहोत हे विसरायचं नाही.

बाकी वेस, पार, चावडी, तालीम, चुना मळायची दगडी घाणी (गोल चर आणि दगडी चाक असतं), तेलाचा घाणा, दगडी रांजण, समाध्या, मशिदीवरचा फारसी लेख, ब्रिटिशकालीन मैलाचे दगड, शंभर वर्षांच्या पुढची शाळा. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर मिळालं तर गावातल्या कुठल्या जातीधर्माची मुलं कधीपासून शिकायला लागली ते पण कळतं. वारसा म्हणजे फक्त देऊळ आणि पाटलाचा वाडा नाही, महारवाड्यातली चोखोबाची जागा, धनगरवाड्याची बिरोबाची शिळा, कुंभाराची जुनी भट्टी हेही त्याच यादीत, त्याच नंबराच्या रांगेत आलं पाहिजे.

शिलालेख: हात न लावता कसा वाचायचा

खडू घासायचा नाही, तारेचा ब्रश नाही, ॲसिड नाही, ऑइल पेंटनं अक्षरं भरायची तर अजिबात नाही, कारण चुकीच्या जागी रंग भरला की मूळ अक्षर कायमचं बदलतं. साधं पाणी, मऊ ब्रश, बस. मग संध्याकाळी उन्हं तिरपी झाल्यावर किंवा अंधारात बाजूनं टॉर्च मारून फोटो काढा. टॉर्च डावीकडून, उजवीकडून, वरून असे वेगवेगळे फोटो, कॅमेरा हलवायचा नाही. समोरून काहीच न दिसणारी अक्षरं बाजूच्या उजेडात अक्षरशः वर येतात. ठसा घ्यायचं काम जाणकारावर सोडा.

देवनागरी लेखात शब्द तोडलेले नसतात, पण सुरुवातीला बहुतेक श्री, स्वस्ति, आणि मग शके येतं. काळ काढायचा हिशोब असा. शके अधिक ७८ म्हणजे इसवी सन, आणि तिथी जानेवारीपासून गुढीपाडव्याच्या आधीची असेल तर अधिक ७९. पौष शके १६८२ मध्ये पानिपत झालं, ती तारीख १४ जानेवारी १७६१, म्हणजे इथं ७९ मिळवायला लागतात.

आता संवत्सराचं (साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचं) नाव दिलेलं असेल तर त्यावरून आकडा तपासता येतो, आणि ही युक्ती शिकून घ्याच. शकात १२ मिळवा, ६० नं भागा, बाकी उरेल तो प्रभव या पहिल्या संवत्सरापासून मोजलेला संवत्सर. शिवराज्याभिषेक शके १५९६, त्यात १२ मिळवले की १६०८, साठनं भागून बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद, तोच राज्याभिषेकाच्या शकाबरोबर येतो. अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखात शके ९३४ असं वाचन रूढ आहे आणि सोबत प्रधावी संवत्सर आहे, ९४६ भागिले ६०, बाकी ४६, सेहेचाळिसावा परिधावी, म्हणजे लेखातला प्रधावी, जुळतं. (आक्षीचा हा लेख मराठीतल्या सगळ्यात जुन्या ज्ञात लेखांत मोजतात आणि तो कितीतरी वर्षं रस्त्याकडेला उघड्यावर पडून होता.) तुमच्या लेखात शकाचा एखादा आकडा झिजला असेल तर संवत्सरावरून नेमका कुठला आकडा बसतो ते काढता येतं. साठ संवत्सरांची यादी पंचांगात मिळते.

मराठेशाहीतल्या लेखांत आणि कागदांत शुहूर सन पण येतो, अरबी आकड्यांच्या शब्दांत, आधी एकक मग दशक. इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सित सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ, आणि मया शंभर, अलफ हजार. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, मिळून ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि त्यापुढं ६०० मिळवायचे, ११६१ म्हणजे १७६०-६१. विक्रम संवत दिसलं तर ५७ वजा (वर्षाच्या शेवटाकडं ५६). हिजरी सन चांद्र असल्यामुळं असा सरळ हिशोब चालत नाही, त्याला तक्ता लागतो.

वाचन नाही जमलं तर अंदाजानं शब्द भरू नका. जेवढं दिसतं तेवढंच लिहा, न दिसणाऱ्या अक्षरांच्या जागी टिंबं द्या.

पांढरीची टेकडी

नदीकाठी, आजूबाजूच्या काळ्या रानात एकदम राखाडी-पांढऱ्या मातीचा उंचवटा आणि त्यावर खापरांचा खच, म्हणजे जुनी वस्ती. लाल खापरावर काळ्या रेघांची नक्षी असेल तर ती तीन हजार वर्षांच्याही मागची असू शकते, संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून त्या प्रकारच्या भांड्यांना नावच पडलंय. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना स्थानिक माणसाला काशाचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा असे चार अप्रतिम नमुने सापडले. पण म्हणून खणायला घेऊ नका. खापर कुठल्या थरात होतं ते एकदा विस्कटलं की मग त्या खापराला बोलता येत नाही. फोटो काढा, जागा नोंदवा, तिथंच ठेवा. नांगरताना किंवा पाया खणताना काही वर आलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, तहसीलदारांकडं लेखी दिलंत की वाट सुरू होते. शंभर वर्षांच्या वरच्या मूर्ती, नाणी, आणि पंच्याहत्तर वर्षांच्या वरच्या ऐतिहासिक हस्तलिखितांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, त्या देशाबाहेर नेता येत नाहीत.

तेरचं उदाहरण मला नेहमी सांगावंसं वाटतं. धाराशिव जिल्ह्यातल्या या गावात रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात मिळणाऱ्या सातवाहनकाळच्या वस्तू वर्षानुवर्षं जपून ठेवल्या आणि आज त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय त्याच गावात उभं आहे. वस्तू गावाबाहेर गेली नाही, हे महत्त्वाचं.

नोंद आणि फोटो

प्रत्येक वस्तूला नंबर द्या आणि एका नंबराला एक पान:

- गावातलं चालू नाव आणि वस्तूचा प्रकार
- गट नंबर, मोबाईलवरचं लोकेशन, तोंड कुठल्या दिशेला
- दगड, वीट, लाकूड काय आहे, सेंटिमीटरमध्ये मापं
- आजची अवस्था, मूळ जागा हीच का दुसरी
- सांगितलेली गोष्ट, सांगणाऱ्याचं नाव (त्यांची हरकत नसेल तर), नोंदीची तारीख
- फोटोंचे नंबर

फोटो चारी बाजूंनी, आधी आजूबाजूच्या परिसरासकट, मग पूर्ण वस्तू, मग बारकावे, आणि निदान एका फोटोत शेजारी टेप किंवा पट्टी. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्याचा दर्जा उतरतो, शिलालेखाचा फोटो कायम डॉक्युमेंट म्हणून पाठवा. घराघरांतले जुने लग्नाचे अल्बम मागा, नवरानवरीच्या मागं पडलेली वेस, जुनं शिखर, गढीचा बुरूज उभा दिसतो.

सुट्या मूर्ती, वीरगळ यांचं नेमकं लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका. मूर्तिचोर आणि गुप्तधनाच्या मागं लागलेले लोक पण तेच वाचतात. मोठं देऊळ, बारव गुगल मॅपवर टाकायला हरकत नाही.

जीर्णोद्धार निघालाच तर

विरोध करून काही साधत नाही, सोबत बसा. दगडी देवळाला ऑइल पेंट लावू नका, दगड आतून ओल धरतो आणि त्याचे पापुद्रे निघायला लागतात, आणि एकदा लागलेला रंग काढायला सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) करतात, त्यात नक्षीच झिजते. सांध्यात सिमेंट नको, चुना पाहिजे, कारण सिमेंट दगडापेक्षा कडक पडतं आणि कडेचा दगड फुटतो. मूर्तीवरचं शेंदराचं जाड कवच स्वतः छिन्नीनं काढायला जाऊ नका. वीरगळ हलवायचेच असतील तर देवळाच्या आवारात, जोत्यावर, पाणी साठणार नाही असे उभे करा, पण पायथा सिमेंटमध्ये गाडू नका, कारण खालचा कप्पा गडप होतो आणि गोष्ट तिथंच असते हे वर सांगितलंच आहे.

ग्रामसभेत ठराव करून घ्या की गावातल्या अमुक नंबरच्या वस्तू गावाचा वारसा आहेत आणि त्यांच्याजवळ काम करायच्या आधी ग्रामसभेला विचारायचं. ठरावाची आणि नोंदवहीची प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या तुमच्या विभागाच्या सहायक संचालकांना पाठवा, पोच घ्या. संरक्षित करायचा प्रस्ताव द्यायचा असेल तर फोटो, गट नंबर आणि मालकी हे कागद लागतातच, आणि ते तुमच्याकडं तयार असतील. मात्र गावाला आधीच नीट सांगा, की केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरमध्ये नवीन बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढं २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. हे लपवून सह्या घेतल्या तर पुढं भांडणं होतात आणि राग स्मारकावर निघतो. प्रत्येक गोष्ट सरकारकडं द्यायलाच पाहिजे असंही नाही, बऱ्याच वीरगळांना गावाची नजर एवढं संरक्षण पुरतं.

नोंदवहीच्या तीन प्रती करा, एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक तालुक्याच्या वाचनालयात, आणि फोटोंची कॉपी दोन वेगळ्या माणसांकडं. दरवर्षी पावसाळा संपला की त्याच जागेवर उभं राहून तेच फोटो परत काढायचे आणि मागच्या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवून बघायचं, कुठला दगड सरकला, कुठं झाडाचं मूळ शिरलं, कुठला वीरगळ जागेवर नाही. वडा-पिंपळाचं रोपटं भिंतीत बोटभर असतानाच काढून टाका, मनगटाएवढं झालं की ओढून काढू नका, बुंध्यापाशी कापा आणि जाणकाराला दाखवा, कारण तोपर्यंत कधीकधी भिंत त्या मुळांनीच धरलेली असते.